चौथ्या पट्ट्यात काय पेरलं होतं?

सगळ्या भानगडीची सुरुवात एका खिडकीपासून झाली.

घरामागे सात ओळींची द्राक्षबाग होती. बाग बायकोची. तिच्या वडिलांनी लावलेली आणि पुढे तिने एकटीने सांभाळलेली. समजा सरांचा त्या बागेशी संबंध इतकाच, की त्यांच्या अभ्यासाच्या खोलीची खिडकी तिकडे उघडत असे, आणि तणनाशक फवारायच्या दिवशी ती लावून घ्यावी लागत असे.

समजा सर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पस्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि प्रत्येक तासाची सुरुवात 'समजा'ने केली. 'समजा, एका शेतात सहा पट्टे आहेत. समजा, त्यांत सहा प्रकारचं बी पेरलं...' या समजलेल्या शेतातून त्यांनी अमाप पीक काढलं होतं. खऱ्या शेतात मात्र चप्पल घालून जायचं की बूट, इथपासून त्यांची शंका सुरू व्हायची. शंका हा त्यांचा स्वभावच होता. दाराला कुलूप लावलं की चारदा ओढून बघायचे, आणि मग एवढ्या ओढण्याने ते सैल तर झालं नसेल ना, म्हणून पाचव्यांदा.

तर त्या दिवशी फवारणीवाला आला. बागेतली छाटणी, तारा ताणणं, फवारणी ही सगळी कामं वर्षानुवर्षं तोच करायचा. पाठीवर पंप, अंगात पायघोळ प्लास्टिकचा डगला, तोंडावर मुखवटा.

"सर, खिडकी लावून घ्या. दोन दिवस उघडू नका. दोरीवरचे कपडे आत घ्या, आणि मांजराला बाहेर सोडू नका."

"का हो? औषध साधंच आहे म्हणता ना?"

"एकदम साधं, सर."

"मग तुम्ही हे चंद्रावर निघाल्यासारखे का नटलात?"

फवारणीवाल्याने काहीतरी उत्तर दिलं, पण ते मुखवट्याच्या आतच राहिलं.

समजा सर कडीला हात घालून तसेच उभे राहिले. मागे बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, समजा, या वर्षी फवारलंच नाही तर?"

खरं म्हणजे हा प्रश्न नव्हता, नुसती सवय होती. एरवी बायकोने मान वर न करता 'हं' म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पण त्या सकाळी पंपात कालवलेल्या औषधाच्या वासाने तिचंही डोकं उठलं असावं. तिने टॉवेल खाली ठेवला आणि म्हणाली, "मग तणाचं काय करायचं? तुम्ही सांगा."

'तुम्ही सांगा' हे शब्द चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. त्यांना घेरीच यायची बाकी होती. कुठल्याशा मासिकात वाचलेलं एक पान त्यांच्या मदतीला धावून आलं.

"आच्छादन पिकं," ते म्हणाले. "दोन ओळींच्या मधल्या जमिनीत आपणच काहीतरी दाट पेरायचं. जमीन झाकली गेली की तणाला ऊन नाही, जागा नाही. वाढलं की कापायचं आणि तिथंच पसरून द्यायचं. ओल टिकते, माती भुसभुशीत होते, आणि विष एक थेंब लागत नाही."

"म्हणजे रान माजू नये म्हणून आपणच रान माजवायचं?"

"थोडक्यात, हो. पण शिस्तीत."

बायकोने खिडकीतून ओरडून फवारणीवाल्याला सांगितलं, "आज राहू द्या हो! नुसत्या तारा ताणा!" आणि नवऱ्याकडे वळून बोट वर केलं. "एक हंगाम. काढणीच्या आधी रसवाला बाग बघायला येतो, ठाऊक आहे ना? आपली सगळी द्राक्षं त्याच्याच घाण्यात जातात. त्याने नाक मुरडलं, तर दुसऱ्या दिवशी फवारणी, आणि तुम्ही तुमच्या खोलीत. पुन्हा माझ्या बागेत पाऊल टाकायचं नाही."

"आणि नाही मुरडलं तर?"

"तर मग बघू."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी समजा सरांनी कोणालाही सांगितली नव्हती. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी ते त्या खिडकीतून बायकोला बघत असत. हातात चहाचा कप घेऊन ती एकटीच ओळींमधून फिरायची, एखाद्या वेलापाशी थांबायची, काहीतरी बोलायची, चक्क हसायची. घरात इतकी हसत नसे. आपणही दुसरा कप घेऊन तिच्या शेजारून चालावं, एवढीच त्यांची इच्छा होती. एकदा धीर करून गेलेही होते, पण पहिल्याच ओळीत त्यांचा पाय पाण्याच्या नळीवर पडला, नळी निसटली, आणि बायको म्हणाली, "तुम्ही आतच बरे." त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा तणाचं जे व्हायचं ते होवो, हातात आलेला हा दुसरा कप जाता कामा नये, अशी त्यांची खरी तळमळ होती.

सात ओळींच्या मध्ये सहा पट्टे. सहा! समजा सरांना त्यात नियतीचा हात दिसला. त्यांनी बियांची सहा पाकिटं आणवली: जव, लसूणघास, वाटाणा, मोहरी, ताग, आणि एक सगळ्यांच्या मिश्रणाचं. आता माणसाने बी पेरून मोकळं व्हावं. पण साध्या रस्त्याने गेले तर ते समजा सर कसले?

"कुठल्या पट्ट्यात काय पेरलं ते मला कळता कामा नये," त्यांनी जाहीर केलं.

"म्हणजे?"

"अगं, नाव कळलं की मन एकीकडे झुकतं. मला मोहरी आवडते, मग मला मोहरीचा पट्टाच चांगला दिसणार. माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही."

"मला बघायला आलात तेव्हा बरा ठेवलात भरवसा!"

"तेव्हा आई बरोबर होती."

शेवटी ठरलं ते असं. बायकोने चिठ्ठ्या टाकून पट्टे ठरवायचे, तिनेच पेरायचं, कागदावर लिहायचं आणि कागद लिफाफ्यात बंद करायचा. लिफाफा रसवाला येऊन गेल्यावरच फोडायचा. तोवर समजा सरांसमोर कुठल्याही पिकाचं नाव कोणी काढायचं नाही. (त्यांना रोप बघून ओळखू येणार नाही का, अशी शंका वाचकाला येईल. नाही येणार. मोहरी त्यांनी फक्त डब्यात पाहिली होती.)

पेरणीच्या दिवशी ते पडदा ओढून खोलीत बसले. तासाभराने दारावर थाप पडली.

"अहो, जरा ऐका. ते चौथं पाकीट—"

"नाव घेऊ नकोस!" समजा सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

"नाव नाही हो घेत, पण चौथ्यात—"

"ला-ला-ला-ला!" ते मोठ्याने म्हणाले. पस्तीस वर्षांच्या अध्यापनात त्यांनी इतकं सुरेल काही म्हटलं नव्हतं.

दाराबाहेरची पावलं दूर गेली. संध्याकाळी लिफाफा चिकटवला गेला, समजा सरांनी त्याच्या तोंडावर तीन ठिकाणी सह्या केल्या, आणि तो शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली गेला.

पंधरा दिवसांत सगळे पट्टे हिरवे झाले. रोज सकाळी दोन कप बाहेर पडू लागले. बायको वेलांशी बोलायची, समजा सर वहीत लिहायचे, आणि मधूनच ती वेलांना सोडून त्यांच्याशीही एखादं वाक्य बोलायची. इथपर्यंत सगळं छान होतं.

पण प्रयोग म्हटला की मोजणी आली, आणि मोजणीत एक मूलभूत पेच निघाला. पट्ट्यात पीक किती आणि तण किती, हे मोजायचं. पण पीक कुठलं हेच ठाऊक नसेल, तर तण कुठलं हे कसं कळणार? समजा सर दोन दिवस जेवणावरून अर्धवट उठत होते. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना त्यांना उत्तर सापडलं, आणि ते टॉवेलवरच बाहेर आले.

"बहुमत!"

"आधी कपडे घाला."

"पट्ट्यात जे संख्येने जास्त, ते पीक. जे कमी, ते तण. आपण पेरलंय म्हटल्यावर तेच जास्त असणार! काय चुकलं यात?"

बायकोने तो तर्क मनात दोनदा उलटसुलट करून पाहिला. चूक सापडली, तोच तिला बहिणीचा फोन आला. बहीण आजारी होती. बायको आठ दिवसांसाठी तिकडे गेली.

जाताना ती भरतकामाची मोठी लाकडी रिंग टेबलावर विसरली. झालं! समजा सरांना मोजणीचं साधनच मिळालं. पट्ट्याकडे पाठ करून उभं राहायचं, डोळे मिटायचे, रिंग खांद्यावरून मागे फेकायची (म्हणजे निवड निःपक्षपाती होते), आणि ती पडेल तिथली आतली रोपं मोजायची. पहिली फेक तारेवर लटकली. दुसरी फवारणीवाल्याच्या डोक्यातून गळ्यात जाऊन बसली.

"सर, हे काय?"

"हलू नका. नमुना आहे."

आठ दिवस त्यांनी रिंग फेकली, मोजलं, बहुमत ठरवलं, आणि अल्पमत खुरप्याने मुळासकट काढून टाकलं. दुसऱ्या पट्ट्यात अल्पमत चिवट निघालं. तीन-तीन पानांचं, नाजूक, पण मुळं ही अशी खोल! समजा सरांच्या तळहाताला फोड आले. बायको परत येईल तेव्हा पट्टा कसा आरशासारखा दिसला पाहिजे, या उमेदीने ते उपटत राहिले.

फवारणीवाला कुंपणापाशी थांबून डोकं खाजवत होता.

"सर, राग मानू नका. पण तुम्ही जे उपटताय ना, ते तर लस—"

"नाव घेऊ नका!"

"बरं, नाही घेत. पण जे ठेवताय ते—"

"तेही घेऊ नका!"

"सर, मग मी बोलू तरी काय?"

"हवेबद्दल बोला."

फवारणीवाल्याने आभाळाकडे पाहिलं. "हवा बरी आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

बायको परत आली. दुसरा पट्टा पाहून ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली आणि तिने कपाळाला हात लावला.

"कसं वाटतंय?" समजा सरांनी फोड आलेले हात पुढे करून विचारलं.

ती हातांकडे बघत राहिली. मग उठून मलम आणायला गेली. (हे मौन कौतुकाचं आहे, अशी नोंद त्या दिवशीच्या वहीत आहे.)

पुढे एकेका पट्ट्याने आपापला स्वभाव दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्यातलं पीक जमिनीवर राहायला तयार नव्हतं. ते द्राक्षवेलांच्या खोडाला मिठ्या मारत वर निघालं. सहाव्यातलं इतकं उंच झालं की एके सकाळी समजा सर आत शिरले आणि दिसेनासे झाले. बायकोने खोकल्याच्या आवाजावरून त्यांना शोधून काढलं. पाचवा पट्टा पिवळाधमक फुलला आणि त्यावर मधमाश्यांनी गर्दी केली. आणि नेमकी त्या दिवशीची रिंग पडली ती त्या माश्यांच्या मधोमध.

रिंग पुन्हा फेकायची? छे! मग निवड पक्षपाती होणार. आत जायचं? माश्या होत्या. शेवटी फवारणीवाल्यालाच दया आली. त्याने शेडमधून आपला डगला, हातमोजे आणि मुखवटा काढून दिला. समजा सर त्यात नखशिखांत गुरफटून मोहरीत उतरले. (ती मोहरी होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याला आहे.)

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने पाहिलं. बागेत डगला! मुखवटा! वाकून काहीतरी चाललंय! घरातल्या सगळ्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. दोरीवरचे कपडे गायब झाले. मांजर उचललं गेलं. आणि दुसऱ्याच क्षणी ती हातातला झारा उगारून पट्ट्याच्या तोंडाशी हजर झाली.

"कोणाला विचारून फवारताय तुम्ही? मी सांगितलं होतं तुम्हाला? अहो, यांना कळलं तर हाय खातील ते! दोन महिने झाले, रोज पहाटे उठून गवत मोजतायत. वेडेपणा आहे, मला दिसत नाही का? पण इतक्या मनापासून वेडेपणा करणारा माणूस दाखवा दुसरा! त्यांच्या पट्ट्याला औषधाचा एक थेंब लागला तर याद राखा!"

डगला स्तब्ध उभा होता. माश्या भोवती घोंघावत होत्या.

"बोला ना! दातखीळ बसली का?"

डगल्याने हळूच मुखवटा वर केला.

"अगं, मीच आहे."

बायकोचा झारा खाली आला. "मग मघाशीच नाही का बोलायचं?"

"तू चांगलं बोलत होतीस."

त्यानंतर एक माशी समजा सरांच्या नाकावर बसली आणि पुढचे दोन दिवस नाकाचा विषय सोडून घरात दुसरं काही बोललं गेलं नाही. पण त्या नाकासकट ते दोन दिवस त्यांना फार सुखाचे गेले.

आता कबूल करायला हवं. निःपक्षपातीपणाचा एवढा गाजावाजा करणारे समजा सर एका पट्ट्याच्या प्रेमात पडले होते. चौथ्या. चौथ्यात काही तोरा नव्हता. बुटकं, दाट, मऊ. कुठे वर चढणं नाही, फुलून मिरवणं नाही. अल्पमतातली दोन-चार धटिंगण झुडपं काढून टाकली, फवारणीवाल्याने चारदा गवत कापायचं यंत्र फिरवून दिलं, की गालिचा! समजा सर तिथे बूट काढून चालायचे. वहीत चौथ्या पट्ट्यापुढे 'शहाण्णव टक्के पीक' असं लिहिताना त्यांचं अक्षर सुधारायचं.

"सर, या चौथ्याचं तुम्हाला एकदा सांगायलाच पाहिजे," फवारणीवाला यंत्र बंद करून म्हणायचा.

"नाव घेऊ नका!"

"सर, याला नावच—"

"हवा कशी आहे?"

"बरी आहे, सर."

आणि रसवाला आला.

बुटका, जाडजूड, कमी बोलणारा माणूस. बाग तो डोळ्यांनी बघत नसे, हुंगत असे. पानं, घड, माती, जे सापडेल ते नाकाशी. समजा सरांना आदल्या रात्री झोप नव्हती. सकाळचा कप त्यांनी बरोबरच आणला होता. हा कदाचित शेवटचा, असं त्यांना पुन्हापुन्हा वाटत होतं.

पहिल्या पट्ट्यात रसवाल्याने बुटाने माती उकरली. "वेलाच्या तोंडचं पाणी पितंय हे."

दुसऱ्यात. "हे काय विरळविरळ?"

"बहुमत," समजा सर पुटपुटले.

"काय?"

"काही नाही."

तिसऱ्यात वाटाण्याच्या वाळक्या वेलाने रसवाल्याच्या सदऱ्याचं बटण पकडलं. ते सोडवायला बायको धावली. समजा सरांनी मनातल्या मनात आपल्या खोलीतली खुर्ची खिडकीपासून दूर सरकवली.

मग चौथा. रसवाला दोन पावलं गेला आणि थांबला. मागे गेला, पुन्हा पुढे आला. बसला. हिरव्या गालिच्यात बोटं खुपसली तर ती सहज आत गेली. मूठभर माती बाहेर आली, तिच्यात दोन गांडुळं वळवळत होती. त्याने माती नाकाशी धरली आणि डोळे मिटले. मग शेजारच्या वेलाचा एक मणी तोडून तोंडात टाकला.

कुंपणापाशी फवारणीवाला टाचा उंचावून बघत होता.

"ताई," रसवाला उठत म्हणाला, "याच्यावर फवारू नका हं. अशी माती मी कितीतरी दिवसांत बघितली नाही. हे कोणी केलं?"

"यांनी," बायको म्हणाली.

समजा सरांच्या चष्म्यावर वाफ आली.

"प्रोफेसर, पेरलंय काय हे? मला नाव द्या. माझ्या सगळ्या बागायतदारांना सांगतो."

"नाव!" समजा सर गरजले. सहा महिने ज्याची वाट पाहिली तो क्षण आला होता. "अगं, लिफाफा आण!"

"राहू दे ना," बायको पटकन म्हणाली. "ते आता चहा घेतील. मग निवांत बघू."

"छे छे, आत्ताच!"

"अहो, लिफाफा कुठे ठेवलाय तेच आठवत नाही मला."

"बटणांच्या खाली!"

"मी वाचते आणि सांगते तुम्हाला, एकटीला—"

"सर्वांसमोर. शास्त्राचा तसा नियम आहे."

बायकोने फवारणीवाल्याकडे पाहिलं. फवारणीवाल्याने आभाळाकडे पाहिलं. ती आत गेली आणि येताना नेहमीपेक्षा बरीच सावकाश आली.

समजा सरांनी आपल्या तिन्ही सह्या तपासल्या, लिफाफा फोडला आणि वर्गात वाचायचे त्या आवाजात वाचायला लागले.

"पहिला पट्टा: जव. दुसरा पट्टा: लसूणघास. बी महाग आहे, नीट उगवला तर तीन-तीन पानं येतील, मुळं खोल जातात..."

इथे त्यांचा आवाज जरा अडखळला. त्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. फोडांच्या खुणा अजून होत्या.

"तिसरा: वाटाणा. चौथा पट्टा..." त्यांनी चष्मा पुसला. "चौथा पट्टा: काही नाही. मिश्र पाकीट उंदराने फोडलं होतं, आत नुसती टरफलं. सांगायला आले होते, पण तुम्ही गात होता."

समजा सरांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"म्हणजे हे..." रसवाला पायाखाली बघत म्हणाला.

"तण," समजा सर म्हणाले. मग सवयीने पुढे म्हणाले, "शहाण्णव टक्के."

रसवाला हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. त्याने माती पुन्हा एकदा हुंगली, गांडुळं जागच्या जागी ठेवली आणि म्हणाला, "तर मग ताई, पुढच्या वर्षी सहाही पट्ट्यांत हेच राहू द्या. मोठी झुडपं तेवढी काढा, बाकीचं कापत राहा." आणि चहा पिऊन तो निघून गेला.

समजा सर आपणहून खोलीत गेले. कोणी सांगायची वाट पाहिली नाही. खिडकी लावली, कडी चारदा ओढून पाहिली आणि खुर्चीवर बसले. बाग वाचली होती, फवारणी टळली होती. फक्त त्या सगळ्यात त्यांचा काहीही हात नव्हता. उलट हात होता तो लसूणघास उपटण्यात.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बायको दोन कप घेऊन उभी होती.

"चला, बाहेर या."

"कशाला? मी पेरलेलं उपटलं आणि उगवलेलं जपलं."

"हं."

"चौथ्यात तर मी काहीच केलं नाही."

"तेच म्हणते मी." तिने एक कप त्यांच्या हातात दिला. "आजवर माझ्या बागेत जो आला त्याने काही ना काही केलंच. वडिलांनी केलं, फवारणीवाल्याने केलं, मीही केलं. अहो, काही न करणारा माणूस मला पहिल्यांदाच मिळालाय. पुढच्या वर्षी सहा पट्टे आहेत. सहाही पट्ट्यांत काहीही न करणं एकट्या माणसाचं काम नाही. येणार का?"

समजा सरांनी विचार केला. "पण ते नीट जमेल ना मला?"

"एकच अट. बागेत चालताना एका हातात कप, दुसरा हात पाठीमागे."

दुसऱ्या दिवशी सकाळी समजा सर एका हातात कप आणि दुसरा पाठीमागे अशा थाटात चौथ्या पट्ट्यातून निघाले. बायको दोन ओळी पलीकडे वेलांशी बोलत होती. कुंपणापाशी फवारणीवाला हजर होता.

"सर, आता घेऊ का नाव?"

"घ्या."

सहा महिन्यांचं साठलेलं होतं, धरण फुटावं तसं बाहेर आलं. "ही हरळी, सर. हा घोळ. ही तिपानी. ती तिकडे दुधाणी. हा पुन्हा घोळ..."

समजा सर एकेकापुढे थांबून मान डोलवत होते. इतकी वर्षं जगात राहून आपण यातल्या एकाशीही ओळख करून घेतली नाही, याची त्यांना लाज वाटली आणि आनंदही झाला. असे ते पट्ट्याच्या टोकाशी आले. तिथे खोडाच्या बुंध्याशी एक कोवळं, लुसलुशीत, मोठ्या पानांचं काहीतरी पट्ट्यात डोकावत होतं. हरळी नव्हे. घोळ नव्हे. तिपानी तर नव्हेच. सगळ्या पट्ट्यात असं एकच.

"अल्पमत!" समजा सर विजयाने म्हणाले, कप खांबावर ठेवला, आणि फवारणीवाल्याचं तोंड उघडायच्या आत त्यांनी ते उपटलंसुद्धा. "हे मात्र मला न सांगता ओळखता आलं. हे तण!"

"सर," फवारणीवाला अगदी हळू आवाजात म्हणाला, "ते द्राक्ष आहे."

"अहो!" दोन ओळींपलीकडून आवाज आला. "हात मागे!"

समजा सरांनी ताबडतोब हात मागे घेतला. फुटवा मुठीतच होता.